ठरल्या दिवशी, ठरलेलं पत्र : प्रस्तावना

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यात जा आणि मालकाला विचारा, गेल्या वर्षी ज्यांनी काम दिलं त्यांच्यापैकी यंदा कोण आलं नाही? तो यादी उघडत नाही, आठवू लागतो. चार नावं पटकन सांगतो आणि पाचव्यापाशी अडखळतो. कोणाचं कोटेशन द्यायचं राहिलंय, कोणाच्या बिलाची मुदत कधी भरते, कोणत्या पार्टीला पुढच्या महिन्यात आठवण करायची आहे, सगळं त्याच्या डोक्यात असतं. माणूस हुशार असतो, कष्टाला मागे हटत नाही. पण घरात लग्न निघालं, वडील दवाखान्यात दाखल झाले किंवा एखादी मोठी ऑर्डर आठवडाभर मानगुटीवर बसली, की डोक्यातल्या यादीतली निम्मी कामं गळून जातात. धंदा चालू राहतो, पण एकसारखा चालत नाही.

या पुस्तकाचा विषय हा एकसारखेपणा आहे. त्यासाठी मी जे साधन सुचवतो आहे ते जुनं आहे, स्वस्त आहे आणि लहान उद्योजकांकडून सध्या बरंच दुर्लक्षित आहे. ते साधन म्हणजे ईमेल. ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाला, ठरलेलं पत्र आपोआप जाईल अशी व्यवस्था एकदा लावली, की पाच-दहा माणसांच्या धंद्यालाही मोठ्या कंपनीसारखी शिस्त येते. मात्र यंत्र फक्त दिलेला शब्द पाळू शकतं. कोणाला, कशाचा आणि किती दिवसांचा शब्द द्यायचा, हे मालकानेच आधी बसून ठरवावं लागतं. हे ठरवण्याचं काम टाळून जो सॉफ्टवेअर विकत घेतो, त्याचा आधीचाच गोंधळ आता जास्त वेगाने बाहेर जाऊ लागतो. म्हणून या पुस्तकात बटणं कुठे दाबायची याच्याइतकीच जागा ‘ठरवायचं काय’ या प्रश्नाला दिली आहे.

‘व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न योग्यच आहे. ड्रॉइंगचा फोटो, ‘गाडी निघाली’ हा निरोप, सुट्या भागाचा नमुना, यासाठी व्हॉट्सॲपसारखं दुसरं काही नाही. पण मोठ्या कंपनीचा पर्चेस विभाग पीओ (खरेदीची ऑर्डर) मेलवर पाठवतो, अकाउंट्सवाले बिल मेलवर मागतात आणि ऑडिटर कागद मागतो तेव्हा मेलचीच प्रिंट काढली जाते. पर्चेसमधला माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनवरचा सगळा संवाद त्याच्याबरोबर जातो. कंपनीच्या पत्त्यावर गेलेली मेल कंपनीकडे राहते आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाला सापडते. शिवाय मेलला तारीख, विषय आणि जोडपत्र असतं. पुढे वाद झालाच तर हे तिन्ही कामाला येतात. घाईचा निरोप फोनवर आणि नोंद राहायला हवी ते पत्र मेलवर, अशी वाटणी करून टाकली की दोन्ही साधनांचं भांडण उरत नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एका धंद्याचं उदाहरण जवळून पाहू. मी मुद्दाम कॅलिब्रेशनचा धंदा निवडतो, कारण त्यात पुढचं काम कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. कारखान्यातले व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज, प्रेशर गेज ठरावीक काळाने कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे लागतात. बहुतेक ठिकाणी वर्षाने. पुढची तारीख ग्राहकाशी बोलून ठरते. ती टळली आणि ऑडिटरच्या हाती तेच गेज लागलं, तर ग्राहकाच्या नावावर त्रुटीची नोंद (एनसी) निघते. म्हणजे आठवण करून देणं ही प्रयोगशाळेने ग्राहकाला दिलेली सेवा असते आणि प्रयोगशाळेचं पुढच्या वर्षीचं कामही तिच्यावरच अवलंबून असतं. तरीही बहुतेक ठिकाणी ही आठवण कोणाच्या तरी मनात आली तरच जाते.

आता हे काम मेलवर कसं बसवायचं ते पाहा. एका शीटमध्ये ग्राहकाचं नाव, संबंधित माणसाचा मेल, गेजचा क्रमांक, देय तारीख, शेवटची आठवण कधी गेली आणि गेज आलं का, असे रकाने. रोज सकाळी नऊ वाजता एक छोटी स्क्रिप्ट ही शीट वाचते. देय तारखेला तीस दिवस उरले असतील आणि ‘गेज आलं’ हा रकाना रिकामा असेल तर पहिलं पत्र जातं, दहा दिवस उरले की दुसरं. त्यानंतर यंत्र थांबतं आणि ऑफिसातल्या माणसाला कळवतं की आता फोन करा. गुगल शीट आणि तिच्यासोबत मिळणारं ॲप्स स्क्रिप्ट यांवर हे सगळं बसतं. साध्या मोफत खात्यावरून अशा स्क्रिप्टमधून दिवसाला १०० पत्त्यांवर मेल जाऊ शकते. रोज आठ-दहा पत्रं पाठवणाऱ्या प्रयोगशाळेला ती मर्यादा पुरून उरते.

पत्रात लिहायचं काय? असं काहीतरी : ‘नमस्कार. आपल्याकडची सोबतच्या यादीतली बारा मापनयंत्रं १४ जूनला कॅलिब्रेशनसाठी देय होत आहेत. आमचा माणूस २ किंवा ५ जूनला येऊन ती घेऊन जाऊ शकतो. सोयीचा दिवस कळवावा. एखादं गेज मोडीत काढलं असेल तर तेही कळवा, म्हणजे यादीतून वगळतो.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मोडीत गेलेल्या गेजची आठवण दर वर्षी येत राहिली, तर तिसऱ्या वर्षी ग्राहक आपली पत्रं वाचणं सोडून देतो. पत्रातून माहिती परत यायची वाट ठेवली की यादी ग्राहकाच्याच हातून दुरुस्त होत राहते.

दुसरा आणि जास्त नाजूक विषय वसुलीचा. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, तरी आपले पैसे मागताना भीड पडतेच. पर्चेस ऑफिसर परवाच एका लग्नात भेटला, हसून बोलला, आता लगेच बिलाची आठवण कशी करायची? अकाउंट्समध्ये नवीन मुलगी आली आहे, तिला पहिल्याच आठवड्यात फोन कसा करायचा? अशा विचारांत महिना जातो. मग पगाराची तारीख तोंडावर येते आणि जो फोन केला जातो तो चिडून केला जातो. संबंध बिघडतात ते आठवण केल्यामुळे बिघडत नाहीत, उशिरा आणि रागात केल्यामुळे बिघडतात. मुदतीच्या सात दिवस आधी सगळ्यांना सारखंच जाणारं, सौम्य, बिलाची प्रत जोडलेलं पत्र कोणाला लागत नाही. कारण ते आपल्या एकट्यासाठी निघालेलं नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. भिडेवर इतका चांगला उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

या पत्रांना कायद्याचंही पाठबळ आहे आणि ते प्रत्येक लहान उद्योजकाला माहीत असायला हवं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आयकर कायद्यातल्या ४३ब कलमात ‘एच’ हा खंड १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून पुरवठादारांचे उद्यम क्रमांक विचारू लागतात. आपल्या प्रत्येक बिलावर आणि मेलच्या तळाशी तो क्रमांक आपोआप छापला गेला तर विचारायची वेळच येत नाही.

२००६ च्याच कायद्यातली आणखी एक तरतूद कमी लोकांना ठाऊक आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी माल पोहोचला तोच स्वीकाराचा दिवस मानला जातो आणि मुदत तिथून मोजली जाते. आता विचार करा, चलन क्रमांक, नगांची संख्या आणि पोहोचल्याची तारीख लिहिलेली मेल त्याच संध्याकाळी स्टोअर आणि अकाउंट्स दोघांना गेली, तर केवढी मजबूत नोंद तयार होते! ‘माल कधी आला ते बघून सांगतो’ या उत्तराला जागा उरत नाही. प्रकरण पुढे या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे न्यायची वेळ आली, तरी कागद जमवायला वेगळी धावपळ करावी लागत नाही. तारखेनुसार लावलेला पत्रव्यवहार हाताशी तयार असतो.

वसुलीच्या पत्रांत यंत्राला सगळ्यांत काळजीपूर्वक शिकवायची गोष्ट म्हणजे थांबणं. पैसे जमा झाल्यावरही आठवण गेली, तर वर्षानुवर्षांचा ग्राहक दुखावतो. म्हणून रोज सकाळी बँकेचं स्टेटमेंट पाहून जमा रकाना भरायचा आणि मगच पत्रं सुटायची, हा क्रम मोडता कामा नये. त्यातही एक खाच आहे. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, त्यामुळे बिलाची रक्कम आणि जमा रक्कम अनेकदा तंतोतंत जुळत नाही. फक्त आकडे जुळवणारी व्यवस्था पूर्ण भरलेलं बिलही थकलेलं धरते आणि दोन टक्क्यांसाठी आठवणी पाठवत बसते. त्यासाठी टीडीएसचा वेगळा रकाना हवा. बिल भरलं की नाही, हा निर्णयही माणसानेच एक खूण करून द्यायला हवा. झोहो बुक्ससारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदतीआधी आणि मुदतीनंतर आपोआप आठवण पाठवायची सोय आहे, पण तिथेही जमा नोंदवणारा हात रोजच्या रोज चालला पाहिजे.

थांबण्याचं हे शहाणपण नवीन नाही. ईमेलचा इतिहास थोडा चाळला तर त्यात दोन वाटा स्पष्ट दिसतात. रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरची पहिली ईमेल १९७१ मध्ये पाठवली. त्यानंतर सात वर्षांतच, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कवरच्या सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. सगळ्यांना एकच पत्र, कोणी मागितलेलं नसताना, ही पहिली वाट. दुसरी वाट बर्कलीच्या युनिक्समधल्या ‘व्हेकेशन’ नावाच्या छोट्या प्रोग्रामची. तो एरिक ऑलमन यांनी लिहिला. आपण रजेवर असलो की तो आलेल्या पत्राला आपोआप उत्तर देई, पण कोणाला उत्तर दिलं हे लक्षात ठेवी आणि नेहमीच्या मांडणीत त्याच माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर पाठवी. पुढे २००४ मध्ये इंटरनेटच्या नियमावलीतल्या ३८३४ क्रमांकाच्या दस्तऐवजात स्वयंचलित उत्तरांची शिस्त लिहिली गेली. आपोआप आलेल्या पत्राला आपोआप उत्तर देऊ नये, नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना अखंड पत्रं लिहीत बसतात, हे त्यात सांगितलं आहे. बाजारात ऑटोमेशनच्या नावाखाली बरंचसं जे विकलं जातं ते पहिल्या वाटेवरचं असतं. हे पुस्तक दुसऱ्या वाटेवर चालतं.

या दोन वाटांतला फरक आता मेल पोहोचवणारेही कडकपणे पाहतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम घट्ट केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही अनिवार्य झाले, जाहिरातीची मेल एका क्लिकवर बंद करायची सोय द्यावी लागली, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवणं भाग पडलं. लहान धंदा त्या आकड्याच्या आसपासही जात नाही, पण एसपीएफ आणि डीकेआयएम यांपैकी एक तरी बाब छोट्यांनाही लागू आहे आणि माझ्या मते डीमार्क धरून तिन्ही करून घ्याव्यात. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची डिजिटल सही. यादी आणि सही दोन्ही जुळल्या नाहीत तर त्या पत्राचं काय करायचं, याची सूचना म्हणजे डीमार्क. डोमेन ज्याने घेतलं आहे त्याच्या खात्यातून या नोंदी होतात. म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या लॉगिनमध्ये असू द्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन अडकून पडलेले बरेच उद्योजक मी पाहिले आहेत. आपलाच पत्ता वापरायला त्यांना दुसऱ्याची परवानगी मागावी लागते.

पत्रं उघडली किती गेली, हा आकडा दाखवून बाजारातली सॉफ्टवेअर्स आपलं मन रिझवतात. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे माणसाने न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. त्या आकड्यावर विसंबू नका. लहान धंद्याने तीनच गोष्टी मोजाव्यात. उत्तरं किती आली, काम किती परत आलं आणि बिल सरासरी किती दिवसांत भरलं गेलं. तिन्ही गोष्टी आपल्याच वहीतून कळतात.

ग्राहकाची माहिती वापरताना त्याची संमती आणि वापराचा हेतू यांना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने महत्त्व दिलं आहे. कायदा नसता तरी सभ्यतेची हीच अपेक्षा होती. गेज तपासायला दिलेला पत्ता दिवाळीच्या ऑफरसाठी वापरायचा असेल, तर आधी विचारावं. प्रदर्शनात गोळा केलेल्या शंभर व्हिजिटिंग कार्डांना एकगठ्ठा पत्रं धाडण्यापेक्षा त्यांतल्या ज्या दहा जणांशी खरंच बोलणं झालं, त्यांना दुसऱ्या दिवशी बोलण्याचा संदर्भ देऊन लिहिलेलं पत्र कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

कुठली पत्रं यंत्राकडे देऊ नयेत, हे सांगणारं प्रकरण मला या पुस्तकातलं सगळ्यांत गरजेचं वाटतं. तक्रारीला द्यायचं उत्तर, माफी, कोणाच्या घरी दुःख झाल्यावरचं पत्र, जुन्या ग्राहकाला दरवाढ कळवणं, ही कामं माणसानेच करावीत आणि शक्य तिथे आधी फोन करून करावीत. तक्रार मिळाल्याची पोच यंत्राने द्यायला हरकत नाही, पण त्या पोचेत उत्तर कोण देणार आणि कधीपर्यंत देणार हे लिहिलेलं असावं आणि तो शब्द पाळला जावा. ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ अशी ओळ लहान धंद्याच्या पत्रात कधीही नसावी. ग्राहकाला आपल्याशी बोलता येतं, ही तर लहान धंद्याची मोठी ताकद आहे.

सगळी पत्रं एकदम थांबवणारी एक कळही हवी आणि ती कोणाच्या हातात आहे हे ठरलेलं हवं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारखान्यांना कुलपं पडली. अशा वेळी ‘आपलं देयक थकलं आहे’ असं पत्र एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाला जाणं निर्दय ठरतं. यंत्राला बाहेरचे दिवस कसे आहेत ते कळत नाही. ते ज्याला कळतं त्याने वेळीच कळ दाबली पाहिजे.

पुस्तकाची मांडणी या विचाराने केली आहे. पहिल्या भागात धंद्यात आपण कोणाला काय काय कबूल करतो याची यादी कशी करायची ते आहे. दुसऱ्या भागात चौकशी, कोटेशन, डिस्पॅच, बिल, वसुली आणि वार्षिक सेवा या सहा टप्प्यांची पत्रं मराठी आणि इंग्रजी नमुन्यांसह दिली आहेत. मराठी नमुने मी आग्रहाने घातले आहेत. आपल्या गावातल्या डीलरशी, शेतकऱ्याशी, बचत गटाशी आपण मराठीत बोलतो, मग त्यांना जाणारं पत्रच तेवढं परक्या भाषेत का असावं? युनिकोडमुळे देवनागरी पत्र आज जवळपास कुठल्याही फोनवर नीट दिसतं. तिसऱ्या भागात शीट, स्क्रिप्ट, डोमेनच्या नोंदी आणि तयार सॉफ्टवेअर निवडताना विचारायचे प्रश्न आहेत. चौथा भाग देखभालीचा आहे. महिन्यातून एकदा सगळी पत्रं स्वतः वाचून पाहणं, परत आलेले पत्ते काढणं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे पासवर्ड बदलणं, ही कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांच्याशिवाय वरचं काहीच टिकत नाही.

हे पुस्तक मी संगणकाचं शिक्षण घेतलेल्यांसाठी लिहिलेलं नाही. लेथसमोर उभं राहून मोठा झालेला मालक, त्याचा हिशेब सांभाळणारी त्याची पत्नी किंवा बहीण, बारावीनंतर ऑफिसात लागलेला मुलगा, हे माझे वाचक आहेत. ऑटोमेशनमुळे आपली नोकरी जाईल अशी धास्ती त्या मुलाला वाटू शकते, म्हणून मालकाने त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. पत्रं आपोआप जाऊ लागली की आलेली उत्तरं वाचून त्यांवर काम करणारा माणूस जास्त लागतो, कमी नाही. कोणत्या ग्राहकाच्या उत्तरात नाराजी आहे आणि कोणाच्या उत्तरात नवीन कामाची चाहूल आहे, हे तोच ओळखणार.

सुरुवात एकाच पत्राने करा, आणि ते वसुलीचं नको. माल किंवा काम पोहोचल्याची पोच देणारं पत्र घ्या. ते सोपं आहे, त्याने कोणी दुखावत नाही आणि कायद्याच्या दृष्टीनेही मुदत कुठून मोजायची याची नोंद तेच पत्र करून देतं. महिनाभर ते स्वतःच्या हाताने, रोज, न चुकता पाठवा. लोक काय उत्तर देतात ते वाचा आणि त्याप्रमाणे मजकूर सुधारा. वाक्य न् वाक्य पटलं, त्याखाली रोज सही करायला मन कचरेनासं झालं, की मग ते यंत्राकडे सोपवा आणि दुसरं पत्र हाती घ्या. या गतीने वर्षभरात पाच-सहा पत्रं बसतील. तेवढ्यावर लहान धंदा उत्तम चालतो, आणि मालक चार दिवस गावी गेला तरी त्याने दिलेला शब्द पाळला जातो.